बॉडी थोरल्याची, इंजिन धाकट्याचे

दिवाळीच्या अंकासाठी तुमच्या धंद्यावर लिहा, असा निरोप आला आणि मी ‘होय’ म्हणालो. हा माझा स्वभावदोष आहे. समोरच्याने काही विचारले की तोंडातून आधी होय निघते. आपण कशाला होय म्हणालो, याचा विचार मी नंतर घरी जाताना स्कूटरवर करतो. सोलापुरात इतकी वर्षे गॅरेज चालवताना या शब्दाने मला जितके काम मिळवून दिले, तितकाच मनस्तापही दिला. पुढे जे सांगणार आहे तेही त्याच शब्दामुळे घडले, म्हणून वाचकांची आधीच क्षमा मागून ठेवतो.

माझा धंदा जुन्या मोटारींचा. नव्या गाड्या आजारी पडल्या की त्यांना संगणक जोडतात. त्या वाटेला मी गेलो नाही. माझ्याकडे येतात ते हौशी लोक. वडिलांची किंवा सासऱ्यांची अँबॅसिडर अंगणात उभी असते, तिच्या टपावर घरची मांजरे झोपतात, बॉनेटवर पापड वाळतात, आणि एके दिवशी मालकाला साक्षात्कार होतो की आपल्याकडे ‘क्लासिक कार’ आहे. मग मला फोन येतो. गाडी गॅरेजला आणा म्हटले तर ते तयार नसतात. टोचन लावून गाडी रस्त्याने नेली आणि शेजाऱ्यांनी पाहिली, तर घराण्याचे काय राहिले? त्यामुळे इंजिन घरीच उतरवायचे असते, सगळ्या गल्लीसमक्ष.

बाहेरच्या माणसाला वाटते, इंजिन काढणे म्हणजे ते उचलणे. उचलणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. अवघड असते ते सोडवणे. गाडीने इंजिनाला नाना ठिकाणी धरून ठेवलेले असते: पाण्याचे होज, पेट्रोलची नळी, वायरी, अॅक्सिलरेटरचा दांडा, क्लचची जोडणी, सायलेन्सरचा पाइप. मागे गिअरबॉक्स त्याला चिकटलेला असतो. त्याला स्पीडोमीटरची केबल, गिअरचे दांडे आणि मागच्या चाकांकडे जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट. हे सारे एकेक करून सोडवावे लागते आणि सोडवताना एकही विसरून चालत नाही.

विसरले तर काय होते, हे एका बँक अधिकाऱ्याने मला दाखवले होते. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहून इंजिन स्वतःच काढायला घेतले आणि पोर्चमधल्या झोपाळ्याच्या कडीला साखळी लावली. कडी भक्कम होती. त्यांच्या घरातली माणसे पाहता ती भक्कम असणे भागच होते. पण ते गिअरबॉक्सचा मागचा आधार सोडायला विसरले होते. ते साखळी ओढू लागले तसे इंजिन वर येईना, त्याच्याबरोबर गाडीच वर येऊ लागली. मी पोचलो तेव्हा पुढची चाके अधांतरी होती आणि साहेब झोपाळ्याची पाटी मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते. ‘मिस्त्री, व्हिडिओत हे नव्हतं,’ एवढेच ते म्हणाले.

आमच्या कामात एक शिस्त असते. प्रत्येक बोल्ट काढला की तो ज्याच्या त्याच्या भोकात दोन आटे फिरवून परत ठेवायचा. वाटीत टाकायचा नाही, खिशात तर मुळीच नाही. याचे कारण साधे आहे. इंजिन काढणारा माणूस ते पुन्हा बसवण्यासाठीच काढत असतो. निदान मी तोवर तसे समजत होतो.

डॉक्टरांच्या बंगल्यावर मला बोलावणे आले ते उन्हाळ्यात. डॉक्टर म्हणजे अप्पा. नव्वदीच्या घरात आलेले, अंगाने काटकुळे, पण डोळे फार जागे. त्यांची काळी अँबॅसिडर मी पूर्वीपासून सांभाळत आलो होतो. ती गाडी घेऊन ते माढ्याकडच्या खेड्यापाड्यांत रुग्ण तपासत फिरले. त्यांचे स्वतःचे गाव उजनीच्या पाण्यात गेले. उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरले की त्यांच्या शाळेचे जोते उघडे पडते, असे ते सांगत. ते एकदा पाहायचे आणि जायचे ते याच गाडीने, असे त्यांनी ठरवले होते. ‘पुढच्या उन्हाळ्यात नक्की, अप्पा,’ असे त्यांचे दोन्ही मुलगे दर उन्हाळ्यात म्हणत.

थोरले चिरंजीव अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, धाकटे वकील. त्यांच्यात नुकतीच वाटणी झाली होती. बंगल्याचे दोन भाग पडले होते आणि अंगणाच्या मधोमध फक्कीची पांढरी रेघ ओढलेली होती. तिच्यावर भिंत उठायची होती. मात्र ती रेघ नेमकी अँबॅसिडरच्या खालून जात होती. बॉनेट धाकट्यांच्या हद्दीत, सीटा आणि डिकी थोरल्यांच्या. गाडी पुढे घेतली तर ती धाकट्यांची होणार, मागे घेतली तर थोरल्यांची. म्हणून कित्येक दिवस ती कोणीच हलवली नव्हती, आणि गवंडी रोज येऊन, चहा पिऊन परत जात होता.

‘विकून टाकायची नाही,’ थोरले मला म्हणाले. ‘ती अप्पांची आठवण आहे.’

अप्पा तिथेच खुर्चीत बसून चहात खारी बुडवत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिले आणि खारी तोंडात घातली.

‘भावनिक मूल्याचं समान वाटप झालं पाहिजे,’ थोरले पुढे म्हणाले. ‘म्हणून आम्ही तोडगा काढला आहे. बॉडी माझ्याकडे, इंजिन आणि गिअरबॉक्स याच्याकडे.’

‘ज्याच्या हद्दीत जे आहे, ते त्याचं,’ वकीलसाहेब म्हणाले. ‘अगदी स्वच्छ तत्त्व आहे. तुम्ही फक्त काढून द्यायचं, मिस्त्री. जमेल ना?’

जमेल का, असे मला कोणी विचारू नये. माझ्या मऊ बोलण्याचे लोक कौतुक करतात, पण मऊ बोलण्याआड अहंकार फार सुखाने राहतो. हे काम करू नये, हा विचार माझ्या मनात आलाच नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. तो आला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आला: या अरुंद अंगणात, त्या रेघेवर, एकही ओरखडा न पाडता हे इंजिन माझ्याशिवाय दुसरे कोण काढेल? दुसरा विचार पहिल्याला ढकलून पुढे गेला.

‘होय,’ मी म्हणालो.

अप्पांनी कप खाली ठेवला. ‘पण मुकुंदा,’ ते धाकट्यांना म्हणाले, ‘तू घेतोयस ते इंजिन चालू आहे का बंद, बघितलंस का?’

वकीलसाहेब थबकले. चालू स्थितीतले इंजिन मिळावे, असा मुद्दा त्यांच्याकडून राहून गेला होता. त्यांनी तो तत्काळ उपस्थित केला. त्यावर थोरले म्हणाले की मग माझी बॉडीही चालत्या स्थितीत आहे, चाके फिरतात, ब्रेक लागतात, हेही सिद्ध व्हायला हवे. आता इंजिनाची परीक्षा बॉडीशिवाय होत नाही आणि बॉडीची इंजिनाशिवाय होत नाही. दोघेही माझ्याकडे पाहू लागले.

‘ट्रायल घ्यावी लागेल,’ अप्पा म्हणाले. ‘आणि जवळची ट्रायल उपयोगाची नाही. इंजिन चांगलं तापल्याशिवाय त्याचा आजार कळत नाही. व्हय ना, मिस्त्री?’

‘होय,’ मी म्हणालो. त्या शब्दाचा मला आनंद झाला, असा तो जन्मात पहिला प्रसंग असावा.

कार्ब्युरेटर साफ केला, टाकीतले जुने पेट्रोल उपसले, ब्रेक पाहिले, बॅटरी बदलली. थोडे खोकून इंजिन सुरू झाले आणि अप्पांनी डोळे मिटून ते ऐकले, रुग्णाच्या छातीला नळी लावून ऐकावे तसे. निघण्याआधी दोन्ही भावांनी चारही चाकांपाशी विटा रचून खुणा केल्या. गाडी परत जागच्या जागी उभी राहिली पाहिजे, रेघेच्या इकडे नाही आणि तिकडे नाही.

मी चालवत होतो. मागे मधोमध अप्पा, त्यांच्या एका बाजूला थोरले, दुसऱ्या बाजूला धाकटे. एकानेच यावे हे दुसऱ्याला मान्य नव्हते. मोहोळ मागे पडले तेव्हा वकीलसाहेबांनी विचारले, ‘मिस्त्री, इंजिन तापलं नाही का अजून?’

मी आरशात पाहिले. अप्पा बाहेर पाहत होते.

‘थोडं कमी आहे,’ मी म्हणालो.

सगळ्या वाटेने दोघे आपापल्या मालाची राखण करत होते. खड्ड्यात गाडी आदळली की थोरले म्हणत, ‘बॉडी जपून.’ मी गिअर जरा उशिरा बदलला की धाकटे म्हणत, ‘लोड देऊ नका इंजिनाला.’ चढावर तर विचित्र स्थिती झाली. मी वेग धरला तर थोरले नाराज, वेग सोडला तर धाकटे. दोन उच्चशिक्षित माणसे एकाच गाडीतून दोन वेगळे प्रवास करत होती, आणि मधल्या माणसाला तिसरीकडेच जायचे होते.

टेंभुर्णी मागे टाकून आम्ही आत वळलो. दोन्ही हातांना ऊस, मग केळी, मग रस्ता संपला आणि चिखल वाळून तडकलेली लांबलचक जमीन लागली. पाणी खूप आत गेले होते. पंपांचे पाइप त्याच्या मागोमाग काठावरून आत आत नेलेले. अप्पा खाली उतरले. लांबवर दगडांची एक ओळ दिसत होती. दुसऱ्या कोणाला तो बांध वाटला असता.

‘ती पायरी,’ अप्पा म्हणाले. ‘तिसरीत असताना तिथं उभं केलं होतं मला. पाढे येत नव्हते म्हणून.’

ते तिकडे बघत उभे राहिले. थोरले उतरून दारे लावून पाहत होते. धाकट्यांनी मला बॉनेट उघडायला सांगितले. आपण ज्यासाठी आलो ते झाले, असा दोघांचाही समज होता.

पंपाजवळचा एक म्हातारा शेतकरी चालत आला. गाडीला त्याने एक फेरी मारली.

‘लई जुनी हाय की,’ तो म्हणाला. ‘कुनाची म्हनायची?’

‘बॉडी माझी,’ थोरले म्हणाले.

‘इंजिन माझं,’ धाकटे म्हणाले.

शेतकऱ्याने आळीपाळीने दोघांकडे पाहिले. त्याला हसावे की नाही, हे कळेना. मग तो अप्पांकडे वळला. ‘आन् आबा, तुमी कुनाचं?’

‘मी व्हय?’ अप्पा म्हणाले. ‘ह्या महिन्यात थोरल्याचा.’

हे त्यांनी रागाने म्हटले नव्हते. वाटणीत अप्पांचीही पाळी ठरली होती. एक महिना या मुलाकडे, एक त्या मुलाकडे. आपल्याकडे घरोघर आई-वडिलांची अशी पाळी असते आणि त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटत नाही. मलाही वाटले नव्हते. त्या तडकलेल्या जमिनीवर उभे राहून, एका परक्या माणसापुढे ते वाक्य ऐकले, तेव्हा मी बॉनेटचा दांडा धरून खाली इंजिनावरच्या एका वायसरकडे पाहत राहिलो. दोन्ही मुलगेही काहीतरी तपासण्यात गढून गेले. शेतकऱ्याने अप्पांच्या हातात केळ्याची फणी ठेवली आणि तो पंपाकडे परतला.

येताना खड्डे तेच होते, पण मालाची राखण कोणी केली नाही. केळी तेवढी सर्वांनी खाल्ली.

वाचकांना वाटेल, आता भाऊ वरमले असतील. मलाही तसे वाटले होते. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा दोघे विटांपाशी वाकलेले होते. उजवे पुढचे चाक खुणेपासून बोटभर सरकले होते आणि ते कोणाच्या फायद्याचे, यावर खल चालला होता.

नाही म्हणण्याची ती माझी वेळ होती. मी हत्यारांची पेटी उघडली.

इंजिन उचलायला चेन कुप्पी लागते. साखळी ओढायची आणि वजन हळूहळू वर येते, असे ते कप्पीचे यंत्र. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात माझे दोस्त मेहबूबभाई फिटर आहेत. मागावरचे सुताचे जड बीम उचलायची कुप्पी आणि तिची तीन पायांची लोखंडी घोडी ते टेम्पोत घालून घेऊन आले. सगळी हकिगत ऐकून त्यांनी तंबाखू मळली.

‘मिस्त्री, येक बात बोलूं?’ ते हळूच म्हणाले. ‘कुप्पी तो मजबूत है. इंजन कू रैने देव, इन दोनों कू लटकाव.’

काम सुरू करण्याआधी नारळ हवा. थोरल्यांनी एक आणला होता, धाकट्यांनीही एक आणला होता. कोणाचा आधी फोडायचा, यावर दोघे अडले. ‘इकडं आणा,’ अप्पा म्हणाले. त्यांनी दोन्ही फोडले आणि खोबऱ्याच्या वाट्या अदलाबदल करून मुलांच्या हातावर ठेवल्या. मग ते गाडीचे मागचे दार उघडून आत जाऊन बसले.

‘अप्पा, उतरा. काम चालू होतंय,’ थोरले म्हणाले.

‘सीट तुझी आहे, महिना पण तुझा आहे. मी बरोबर जागी बसलोय,’ अप्पा म्हणाले. ‘काय वकीलसाहेब, कायद्यात बसतंय की नाही?’

वकीलसाहेब हातातले खोबरे न्याहाळू लागले. अप्पा उतरले नाहीत.

बॉनेट उतरवले. पाणी आणि तेल काढले, रेडिएटर बाजूला केला. एकेक होज, वायर, दांडा सोडत गेलो. बोल्ट ज्याच्या त्याच्या भोकात परत फिरवत गेलो. गाडीखाली शिरून शाफ्ट सोडला, तेव्हा माझ्या डोक्यावरच अप्पांचे पाय होते, पत्र्याच्या पलीकडे. ‘मिस्त्री, कुठवर आलं?’ ते वरून विचारायचे. मी खालून सांगायचो. ते काम मी फार चांगले केले. इतके चांगले मी क्वचितच केले असेल, आणि ते लिहिताना अजूनही मला बरे वाटते, ही गोष्ट मला नंतर पुष्कळ सतावते.

शेवटी इंजिन ज्यांवर बसते त्या माउंटिंगचे बोल्ट काढले. मेहबूबभाईंनी साखळी ओढली. पुढचे तोंड वर, गिअरबॉक्सचे शेपूट खाली, असे तिरके होत इंजिन सावकाश बाहेर आले. कुठेही टेकले नाही. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणसे कशालाही टाळ्या वाजवतात.

इंजिनाचे वजन निघाले की गाडीची पुढची बाजू वर येते. हे ठाऊक असूनही मी विसरलो होतो. गाडी हलकेच उचलली गेली आणि मागच्या सीटवर बसलेले अप्पा पाठीला टेकले. समोर बॉनेट नव्हते; काचेतून साखळीला लोंबकळणारे इंजिन दिसत होते.

‘चढाला लागल्यासारखं वाटतंय की,’ अप्पा म्हणाले.

आता एकच प्रश्न उरला होता, आणि तो मीच निर्माण केला. सगळे बोल्ट आपापल्या भोकांत गेले होते. माउंटिंगचे बोल्ट मात्र माझ्या हातात होते. ते बॉडीलाही धरतात आणि इंजिनालाही. कोणत्या भोकात ठेवायचे? मी विचारले, आणि विचारताक्षणी कळले की विचारायला नको होते.

‘बॉडीचे,’ थोरले म्हणाले. ‘चॅसिसला लागतात.’

‘इंजिनाचे,’ धाकटे म्हणाले. ‘इंजिन नसतं तर ते कशाला लागले असते?’

अर्थशास्त्र आणि कायदा, दोन्ही शास्त्रे कामाला लागली. साखळीवर इंजिन हळूहळू फिरत होते. मेहबूबभाई खाली बसून खोबरे खात होते.

‘मिस्त्रींकडं राहू दे,’ गाडीतून आवाज आला. ‘तुमचा निकाल लागेपर्यंत.’

तो निकाल अजून लागलेला नाही. भिंत उठली. तिच्या अलीकडे बॉडी आहे, पलीकडे इंजिन. दोन्हींवर एकसारख्या सोलापुरी चादरी टाकल्या आहेत, त्या मात्र दोघांनी एकाच दुकानातून आणल्या. अप्पा थोरल्यांच्या महिन्यात मागच्या सीटवर बसून वर्तमानपत्र वाचतात. धाकट्यांच्या महिन्यात इंजिनाशेजारी खुर्ची टाकतात.

आपापला भाग विकायला दोघेही आता तयार आहेत, पण बोल्टांशिवाय माल अपुरा ठरेल, असे दोघांनाही वाटते. दोघे मला वेगवेगळे फोन करतात. बोल्ट मलाच द्या, असे थोरले म्हणतात; मी होय म्हणतो. मलाच द्या, असे धाकटे म्हणतात; मी होय म्हणतो. तसले बोल्ट बाजारात वजनावर मिळतात. त्या दोघांना हे अजून कोणी सांगितलेले नाही, आणि या शहरात दिवाळी अंक वाचणारी माणसे किती उरली आहेत हे पाहता मला फारशी चिंता वाटत नाही.

ते काम करायला नको होते, हे मला आता कळते. एक ‘नाही’ पुरले असते. ते माझ्याजवळ नव्हते. जे होते ते कापडात गुंडाळून, डब्यात घालून मी माझ्या फळीवर ठेवले आहे. अधूनमधून तिसराही फोन येतो. त्यामागे कधी या घरातला टीव्ही ऐकू येतो, कधी त्या घरातला.

‘मिस्त्री, बोल्टांना तेल लावता ना? गंज चढायला नको.’

‘होय,’ मी म्हणतो, आणि फोन ठेवून फळीवरचा डबा खाली घेतो.